३२ लाखांत नागपुरात घर: बेसा, हुडकेश्वर, वाठोडा की गोधनी?

ताई, तुमचा प्रश्न आधी परत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सगळं मिळून ३२ लाखांची ऐपत, त्यातले ८ लाख हातात, बाकीचं कर्ज. सध्या महाल भागात भाड्यानं राहता. यजमान बुटीबोरीच्या कारखान्यात, तुम्ही मेडिकल चौकाजवळ लॅबमध्ये, मुलगी तिसरीत, सासूबाईंचे गुडघे दुखतात. बेसा, हुडकेश्वर, वाठोडा आणि गोधनी अशा चार ठिकाणी घरं पाहून झाली, आणि तुम्ही विचारता की यातला कोणता भाग पुढे वाढेल.

कोणता भाग वाढेल हे ब्रोकर छातीठोक सांगतो. आपण दुसरा प्रश्न विचारू: या भागातली ही घरं स्वस्त का आहेत? कोणतंही घर उगाच स्वस्त मिळत नाही. कुठे रस्ता कच्चा असतो, कुठे नळ नसतो, कुठे जमीन खोलगट असते, कुठे कागद अर्धवट असतात, कुठे हवा खराब असते. यातली काही कारणं पाच-सात वर्षांत आपोआप सुटतात. डांबर पडतं, दिवे लागतात, किराणा दुकान येतं, शाळेची व्हॅन यायला लागते. काही कारणं तुमच्या हयातीत सुटत नाहीत. खोलगट जमीन उंच होत नाही, आरक्षणातला प्लॉट सहजी मोकळा होत नाही, डोक्यावरची हायटेन्शन लाइन कुणी तुमच्यासाठी हलवत नाही. पहिल्या प्रकारच्या कारणामुळे किंमत कमी असेल तर खुशाल घ्या, तो तुमचा फायदा. दुसऱ्या प्रकारामुळे कमी असेल तर विकताना तुम्हालाही तेवढंच कमी करून विकावं लागेल, आणि मधली वर्षं त्रास वेगळा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिल्या नाहीत. यजमानांना कंपनीची बस आहे की गाडीनं जातात, शिफ्ट रात्रीची असते का, नोकरी पक्की की कंत्राटी, आणि मुलगी याच शाळेत राहणार का. यातल्या एका उत्तरानंही खालचा हिशेब फिरू शकतो. त्यामुळे निकालापेक्षा हिशेबाची पद्धत उचला.

आधी पैसे. ३२ लाखांचं घर शोधत असाल तर थांबा, तुमची वरची रेघ २८ लाख आहे. नागपूर शहरात मुद्रांक शुल्क अधिभार धरून ७ टक्क्यांच्या आसपास जातं, म्हणजे २८ लाखांवर १ लाख ९६ हजार. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार. तुम्हाला २८ हजार. वकील, सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध), बँकेची प्रोसेसिंग आणि मूल्यांकन मिळून २५-३० हजार. मग ग्रिल, रंग, नळ-दुरुस्ती, मीटर नावावर करणं, सामान हलवणं, यात लाख रुपये कुठे गेले कळतही नाही. बेरीज साडेएकतीस लाख. उरलेले ४५-५० हजार पहिल्या सहा महिन्यांसाठी हातचे ठेवा. घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर महिलांना मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे २८ हजार वाचतात. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत मिळत नाही, हे लोकांना रजिस्ट्रीच्या दिवशी कळतं. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतो. कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर १ टक्का, त्यावर गेलं तर ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार फ्लॅटवर जीएसटी नाही.

कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते. तुमचे २४ लाख त्यात बसतात. पण बँक करारातली किंमत आणि तिचं स्वतःचं मूल्यांकन यातला कमी आकडा धरते, आणि मुद्रांक शुल्काला कर्ज मिळत नाही. विकणारा "कागदावर २२ दाखवू, वरचे हातात द्या" म्हणाला तर कर्जही २२ वरच मिळणार. तुमचे ८ लाख तिथेच संपतील. साडेआठ टक्के व्याज धरलं तर २४ लाखांचा २० वर्षांचा हप्ता जवळपास २०,८०० येतो. लाखामागे ८६८ रुपये, हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाचा आहे.

आता अंतर. यजमान दक्षिणेला जातात, तुम्ही शहराच्या मध्याच्या जरा आग्नेयेला. गोधनी उत्तरेला आहे. तिथून बुटीबोरी म्हणजे रोज अख्खं नागपूर ओलांडणं. समजा बेशाच्या तुलनेत जाऊन-येऊन ३० किलोमीटर जास्त पडले. महिन्याचे २६ दिवस धरले तर ७८० किलोमीटर, ४५ च्या ॲव्हरेजनं १७ लिटरहून जास्त पेट्रोल, शंभरावरच्या भावानं १,८०० रुपये. लाखामागे ८६८ प्रमाणे हे दोन लाखांच्या कर्जाचा हप्ता झाले. म्हणजे तेच घर गोधनीला दोन लाखांनी स्वस्त मिळालं तरी बरोबरीच झाली, टायर आणि कंबर सोडून. कंपनीची बस असेल तर हा हिशेब बाद. मग घर कुठे आहे त्यापेक्षा बसचा थांबा घरापासून किती चालायला आहे ते बघा, आणि पहाटेच्या शिफ्टला तो रस्ता कसा असतो तेही.

मेट्रोचं नाव जाहिरातीत फार येतं. आजच्या दोन मार्गिका ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर अशा आहेत. मेडिकल चौक दोन्हींवर नाही, त्यामुळे तुम्हाला तिचा रोजचा उपयोग जेमतेम. दुसऱ्या टप्प्यात मिहान (विमानतळाजवळचा उद्योग प्रकल्प) ते बुटीबोरी मार्ग आहे. तो सुरू झाला की यजमानांचा फायदा होईल, पण त्यासाठी आज जास्तीचे पैसे मोजू नका. शिवाय बेसा वर्धा रोडला लागून नाही, मध्ये रेल्वेलाइन आणि मनीषनगर आहे. "मेट्रोपासून १० मिनिटं" हे सकाळी साडेनऊला गाडीवर बसून, हातातल्या घड्याळानं तपासा.

यानंतरचा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवतो: जमिनीची पातळी आणि माती. नागपूर पश्चिमेला उंच आणि पूर्वेला उतरतं. नाग नदी अंबाझरीकडून निघून सीताबर्डी, महाल करत पारडीच्या अंगानं जाते, पिवळी नदी गोरेवाड्याकडून उत्तर नागपूर कापते, पोहरा दक्षिणेकडून पिपळा-विहीरगावाकडे. या तिघींना मिळणारे नाले लेआउट पाडताना बुजवले किंवा वळवले गेले. नाला कागदावर वळतो, पाणी मात्र जुन्याच वाटेनं येतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला तेव्हा डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, अंबाझरी लेआउट अशा महागड्या वस्त्यांत पाणी शिरलं. पातळी चुकली की किंमत वाचवत नाही.

तुम्ही पावसाळ्यात घर पाहायला जाणार नसाल तर भिंती वाचा. कंपाउंडच्या भिंतीवर जमिनीपासून फूट-दीड फुटावर आडवी मळकट रेघ आहे का? शेजाऱ्यांनी फाटकात विटांचा नवा उंबरा घातलाय का? विजेच्या मीटरची पेटी नंतर वर सरकवल्याची खूण आहे का, खाली जुन्या स्क्रूची भोकं उरलेली असतात. पाण्याची मोटर जमिनीवर आहे की कुणी ती फळीवर, कट्ट्यावर चढवलीय? एकाच गल्लीत तीन घरांनी मोटर उचललेली दिसली तर ब्रोकर काहीही सांगो, तिथे पाणी भरतं. मग गल्लीतल्या एखाद्या आजीला "पाणी भरतं का" असं विचारू नका, ती नाहीच म्हणेल, कारण तिलाही घर विकायचं असू शकतं. "२०२३ ला इथे किती आलं होतं?" असं विचारा. भरत असेल तर हात आपोआप गुडघ्याला किंवा कमरेला लागतो.

सिमेंट रस्त्यांचं दुखणं नागपूरकरांना सांगायला नको. जुना रस्ता न खोदता वर सिमेंटचा थर आला, रस्ता उंच झाला आणि घरं खड्ड्यात गेली. घराचं जोतं (प्लिंथ) समोरच्या रस्त्याच्या मधल्या उंचवट्यापेक्षा किमान दीड-दोन फूट वर हवं. आणि समोरचा रस्ता अजून कच्चा मुरुमाचा असेल तर तो उद्या सिमेंटचा होणार असं धरून आणखी फूटभर सोडा. कच्च्या रस्त्यालगत जोतं आताच रस्त्याच्या बरोबरीला असेल तर ते घर मी यादीतून काढतो.

मातीचंही तसंच. पश्चिमेला कठीण खडक लवकर लागतो. पूर्वेला आणि दक्षिणेच्या सपाटीवर बऱ्याच ठिकाणी काळी माती जाड आहे. ती पावसात फुगते, मे महिन्यात आकसून तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. कॉलमचा पाया माती ओलांडून घट्ट मुरुमात किंवा खडकात बसवला असेल तर घराला काही होत नाही. स्वस्तातल्या रो-हाउसमध्ये आणि प्लॉटवर मालकानं मिस्त्रीकडून बांधून घेतलेल्या घरात तीन फुटांवर पाया थांबवलेला असतो, आणि मग घर दरवर्षी वर-खाली होतं. खुणा ठरलेल्या आहेत. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग. विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी गेलेली भेग. मूळ घरापासून सुटलेला संडास-बाथरूमचा भाग. घराभोवतीची फरशी एका बाजूनं खचलेली. प्लास्टरवरच्या केसासारख्या बारीक रेषा सगळीकडे असतात, त्यांना घाबरू नका. पण भेगेत दोन रुपयांचं नाणं उभं शिरत असेल तर इंजिनिअर दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि रंग ताजा असून एका तिरप्या पट्ट्यात पुट्टी वेगळी चमकत असेल, तर ती भेग नुकतीच झाकलेली आहे.

पाण्याचं दोन वाक्यांत उत्तर घेऊ नका. "कॉर्पोरेशनचं पाणी आहे" याचा अर्थ गल्लीत पाइप आहे, इतकाच असू शकतो. विकणाऱ्याकडून ऑरेंज सिटी वॉटरचं (शहराचा पाणीपुरवठा पाहणारी कंपनी) मागच्या एप्रिल ते जूनचं बिल मागा. बिलात वापरलेले युनिट दिसतात, त्यावरून उन्हाळ्यात पाणी खरंच आलं का ते कळतं. बोअरवेल असेल तर किती फूट खोल आणि मे महिन्यात मोटर किती मिनिटांत हवा ओढते, हे विचारा. पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, खिशातल्या मीटरनं मोजा. ५०० पर्यंत ठीक, २,००० च्या वर असेल तर ते प्यायचं नाही. मीटर नसेल तर गच्चीवर जाऊन कूलरच्या ताट्या बघा. एका उन्हाळ्यात पांढऱ्याफटक झाल्या असतील तर पाणी जड आहे, आणि तेच पाणी गिझर आणि नळांचीही तीच गत करणार. नागपूरच्या मे महिन्यात कूलर तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज पितो, हे धरूनच टाकीचा अंदाज घ्या. फ्लॅटमध्ये टँकर येत असतील तर सोसायटीच्या वहीत मागच्या उन्हाळ्याचा टँकरचा खर्च पाहा. मेंटेनन्सचा सांगितलेला आकडा बहुधा हिवाळ्याचा असतो.

गडरलाइन, म्हणजे सांडपाण्याची वाहिनी, पुष्कळ बाहेरच्या लेआउटमध्ये अजून नाही, तिथे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा असतो. काळ्या मातीत पाणी मुरत नाही. त्यामुळे जानेवारीत छान चाललेला शोषखड्डा जुलैत तुंबतो आणि बाथरूमच्या जाळीतून उलटं वर येतं. टँक शेवटचा कधी उपसला विचारा. वर्षातून दोन-तीनदा उपसावा लागत असेल तर दोष टँकचा नाही, जमिनीचा आहे. बोअर आणि शोषखड्डा यांत किमान ५० फूट अंतर हवं. हजार-बाराशे फुटांच्या प्लॉटवर तुमचा बोअर शेजाऱ्याच्या शोषखड्ड्याला खेटूनच येतो, तेव्हा दोन्ही बाजूंचे शेजारी धरून मोजा.

हवेचं थोडक्यात. वाठोड्याच्या बाजूला भांडेवाडीचं डम्पिंग यार्ड आहे. दुपारी वारा असताना वास जाणवत नाही. हिवाळ्यात संध्याकाळनंतर हवा स्थिर झाली की धूर आणि वास जमिनीलगत बसून राहतो, म्हणून तिथलं घर रात्री आठनंतर पाहा. गोधनी-कोराडी पट्ट्यात औष्णिक केंद्रांची राख हा विषय आहे. गच्चीच्या कठड्यावर ओलं पांढरं फडकं फिरवा आणि रंग बघा. हायटेन्शन लाइन जवळून जात असेल तर घराच्या पुढे आलेल्या बाल्कनीपासून आडवं अंतर मोजा: ११ केव्हीला किमान १.२ मीटर, ३३ केव्हीला २ मीटर, त्यावर आणखी जास्त. बाल्कनी नंतर वाढवलेली असेल तर नकाशातलं अंतर उरलेलं नसतं.

आता कागद. नागपुरात स्वस्त प्लॉट आणि रो-हाउसचं सर्वात मोठं कारण हेच आहे. इथे नागपूर सुधार प्रन्यास या नियोजन संस्थेच्या ५७२ आणि १९०० लेआउटची नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. शेतजमिनीवर परवानगी न घेता पडलेले लेआउट, जे गुंठेवारी कायद्याखाली नियमित करायला घेतले. कायदा २००१ चा; २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे भूखंड त्यात आले. नियमित झालेल्या प्लॉटला आर.एल., म्हणजे तसं पत्र, मिळतं. आर.एल. असलेला गुंठेवारीचा प्लॉट घ्यायला काही हरकत नाही, अर्धं नागपूर त्यावर उभं आहे. हरकत आहे ती "आर.एल. होऊन जाईल" या वाक्याला. फाइल टाकली म्हणजे आर.एल. नव्हे, डिमांड (शुल्क भरायची नोटीस) आली म्हणजे आर.एल. नव्हे, अर्धी डिमांड भरली म्हणजेही नव्हे. प्लॉट शाळेच्या, मैदानाच्या किंवा रस्त्याच्या आरक्षणात असेल तर फाइल वर्षानुवर्षं पडून राहते, आणि विकणारा बहुधा त्याच कारणानं विकत असतो.

आर.एल. हातात आलं की पाच गोष्टी बोट ठेवून जुळवा: मौजा, खसरा (सर्व्हे) क्रमांक, प्लॉट क्रमांक, क्षेत्रफळ, नाव. मग तेच सातबाऱ्याशी किंवा आखीव पत्रिकेशी (प्रॉपर्टी कार्ड) जुळवा, मग विक्रीपत्रातल्या चतुःसीमेशी, मग प्रत्यक्ष जागेवर उभं राहून. प्लॉट नंबर ४७ आणि ४७-अ यांतल्या "अ"मुळे कोर्टाची पायरी चढावी लागते. मंजूर नकाशात ज्याला पी.यू. लँड म्हणतात, म्हणजे बगिचा वगैरेसाठी सोडलेली जागा, तीच नंतर प्लॉट पाडून विकल्याचे प्रकार जुन्या लेआउटमध्ये आहेत. म्हणून लेआउटचा पूर्ण नकाशा पाहा, फक्त तुमच्या प्लॉटचं कात्रण नको.

रजिस्ट्री झाली की मालकी पक्की, हा समज सोडा. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणाऱ्याचा हक्क खरा आहे की नाही याची हमी तो देत नाही. एकच प्लॉट दोघांना विकलेला असतो आणि दोघांकडे रजिस्ट्री असते. यासाठी ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढायचा. अलीकडच्या वर्षांचे इंडेक्स-टू (नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा) नोंदणी विभागाच्या साइटवर तुम्ही स्वतः घरबसल्या पाहू शकता, जुन्यासाठी वकील कार्यालयात जाऊन शोध घेतो. घरटॅक्सची पावती आणि वीजबिल मालकीचा पुरावा नाही. "ग्रामपंचायतीचा नकाशा मंजूर आहे" हेही पुरेसं नाही. शहराबाहेरच्या महानगर प्रदेशात बांधकाम परवानगी एनएमआरडीएची (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) लागते. जमीन नझुलाची (सरकारी) किंवा प्रन्यासच्या लीजची असेल तर लीज कधी संपते आणि हस्तांतरणाची परवानगी व फी कोण भरणार, हे बयाण्याआधी लिहून घ्या.

फ्लॅटचे कागद त्या मानानं सोपे, पण एक खोड जागोजागी दिसते. मंजूर नकाशा घ्या, रस्त्याच्या पलीकडे उभे राहा आणि मजले मोजा. नकाशात पार्किंगवर तीन मजले आणि डोळ्यांसमोर चार असतील तर वरचा मजला बेकायदा आहे. तो सगळ्यात स्वस्तही असतो, आणि मे महिन्यात तापतोही सगळ्यात जास्त. दुसरा सापळा तळमजल्याचा. पार्किंगच्या जागेत भिंती घालून काढलेला "ग्राउंड फ्लोअर फ्लॅट". गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंसाठी तो नेमका मोहात पाडतो. नकाशात त्या जागी "पार्किंग" लिहिलं असेल तर सोडून द्या. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) पाहिजेच. नागपुरात बऱ्याच इमारती अपार्टमेंट कायद्याखाली डिक्लेरेशन डीडनं चालतात. त्यात तुमच्या फ्लॅटचा जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत दिलेला असतो. सगळ्या फ्लॅटची बेरीज १०० येते का बघा. बिल्डरनं गच्चीचा हक्क स्वतःकडे ठेवलाय का, हेही तिथेच सापडतं. नवा प्रकल्प ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवर आणि आठहून जास्त फ्लॅटचा असेल तर महारेराची नोंदणी लागते, आणि नोंदणीकृत करार करण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम तो घेऊ शकत नाही.

इतकं वाचून दमला असाल तर क्रम एवढा ठेवा: आधी पातळी आणि भेगा, कारण ते फुकटात आणि एका फेरीत कळतं. मग पाणी आणि गडर. हे पार पडलं तरच कागदांवर वकिलाचे पैसे खर्च करा. लोक उलटं करतात, सर्च रिपोर्टला दहा हजार घालतात आणि जुलैत कळतं की घरात पाणी येतं.

"वाढेल" या शब्दाकडे येतो. मिहान येणार म्हणून वर्धा रोडच्या अलीकडे-पलीकडे गेली वीस वर्षं प्लॉट विकले जाताहेत. काही भाग भरले, काही लेआउटमध्ये अजून गेट, दोन पाम आणि गवत आहे. पोरं शिकून पुण्याला जातात, बाहेरचे लोक गुंतवणूक म्हणून प्लॉट घेऊन ठेवतात आणि बांधत नाहीत. अशा लेआउटमध्ये तुम्ही एकट्याच राहायला जाता. म्हणून रात्री साडेसातला जाऊन दिवे मोजा. ६० प्लॉट असतील आणि वीसहून कमी घरांत उजेड असेल, तर दूधवाला, व्हॅन, शहराची 'आपली बस', सगळं यायला वेळ लागणार. दुसरी कसोटी भाड्याची. किंमत आशेवर ठरते, भाडं आजच्या सोयीवर. २८ लाखांच्या फ्लॅटला त्या गल्लीत ८ हजार भाडं मिळत असेल तर वर्षाला ९६ हजार, साधारण ३.४ टक्के. ५ हजारच मिळत असेल तर २.१ टक्के. तिथे तुम्ही आजच्या वस्तीचे कमी आणि उद्याच्या स्वप्नाचे जास्त पैसे देताय. भाड्याचा आकडा ब्रोकरकडून नको, "टू लेट"ची पाटी लावलेल्या दोन-तीन घरी फोन करा.

तुमच्या चार जागांबद्दल, लिहिलेल्या माहितीवरून: गोधनी दिशेमुळेच मागे पडते, घर कितीही छान असो. वाठोड्यात तुमचं काम जवळ, पण यार्डापासूनचं अंतर आणि जमिनीची पातळी गल्लीगणिक बदलते. खरबीकडचा उंच भाग असेल आणि रात्रीची फेरी पास झाली तरच. बेसा यजमानांना सोयीचं. तो भाग आता बेसा-पिपळा नगरपंचायतीत आहे, त्यामुळे पाणी आणि गडर यांची चौकशी तिथल्या गल्लीपुरती करा, "नागपूर मनपाचं पाणी" असं गृहीत धरू नका. प्लॉट किंवा अर्धवट बांधकाम टाळून भोगवटा मिळालेला तयार फ्लॅटच बघा. हुडकेश्वर दोघांनाही मध्ये पडतं, मनपात येऊन दशक उलटलंय, आणि मेडिकल चौकाचा रस्ता सरळ आहे. तिथे आर.एल. नीट तपासलेलं रो-हाउस मिळालं तर चारांत मी ते पहिलं पाहीन. सासूबाईंना जिना नाही, हा वेगळा फायदा.

पण पाचवा पर्याय तुम्ही पाहिलाच नाही. मानेवाडा रोड, अयोध्यानगर, म्हाळगीनगर, नंदनवन या भागांतले १५-२० वर्षांचे, लिफ्ट नसलेले जुने फ्लॅट. नवीन नाहीत आणि लिफ्ट नाही म्हणून ते मागे पडतात, नळ आणि गडर मात्र आधीपासून आहे. दुसरा-तिसरा मजला स्वस्त मिळतो, तुम्हाला पहिला लागेल. नंदनवनात नाग नदीच्या काठच्या गल्ल्या वगळा. जुन्या इमारतीत पार्किंगमधल्या कॉलमचा खालचा दोन फूट भाग बघा. सिमेंटचा पापुद्रा सुटून गंजलेली सळई दिसत असेल तर दुरुस्तीची वर्गणी तुमच्या नशिबी आहे. बँक इमारतीचं उरलेलं आयुष्य कर्जाच्या मुदतीहून जास्त आहे का तेही पाहते, त्यामुळे बयाणा देण्याआधी बँकेच्या मूल्यांकनवाल्याला विचारा.

बयाण्याचं शेवटी, कारण घाईत सगळे इथेच फसतात. "आजच ५१ हजार द्या, दुसरी पार्टी येतेय" म्हटलं की पावतीच्या कागदावर सही होते. बयाणापत्र स्टॅम्प पेपरवर करा, रक्कम चेकनं किंवा खात्यातून द्या, आणि त्यात चार ओळी घालून घ्या: कर्ज नामंजूर झालं तर पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत, सर्चमध्ये बोजा किंवा दुसरा हक्कदार निघाला तर परत, आर.एल. किंवा भोगवटा प्रमाणपत्राची मूळ प्रत रजिस्ट्रीआधी दाखवणार; ताब्याच्या दिवसापर्यंतचा टॅक्स, पाणी, वीज आणि मेंटेनन्स विकणाऱ्याकडे. वकिलाकडून वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायला लावा आणि मुदत संपेपर्यंत दुसरा हप्ता देऊ नका. विकणारा या चार ओळींना नाही म्हणाला, तर त्यातली नेमकी कोणती ओळ त्याला खुपतेय ते विचारा. घर स्वस्त का आहे, ते बहुतेक वेळा त्या ओळीतच सापडतं.